कथा पूर्ण केव्हा होते?

आज एका साध्या प्रश्नाचा विचार करू. कथा आपण सगळेच सांगतो. कीर्तनकार व्यासपीठावर सांगतो, पुराणिक देवळात सांगतो, आजी अंथरुणावर नातवाला सांगते. पण ती कथा पूर्ण झाली असे केव्हा म्हणावे? सांगणाऱ्याने 'पुंडलिक वरदे' म्हणून शेवट केला म्हणजे कथा पूर्ण झाली का? मलाही पुष्कळ वर्षे तसेच वाटत होते. एका माउलीने माझा तो समज दूर केला. ती हकीकत आधी सांगतो, म्हणजे पुढचे शास्त्र कोरडे वाटणार नाही.

काही वर्षांपूर्वी आषाढी वारीत आमच्या दिंडीचा मुक्काम एका लहान गावी होता. रात्रीचे कीर्तन माझ्याकडे होते. पाऊस पडून गेलेला, त्यामुळे मंडप उभारायला उशीर झाला. हरिपाठ झाला, जेवणे झाली, आणि वीणा माझ्या गळ्यात आली तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करायचा असा नियम आहे आणि तो पाळलाच पाहिजे. निरूपणाला अभंग घेतला नाममहिम्याचा. पूर्वार्ध रंगला, टाळकऱ्यांनी चाली उचलून धरल्या, मृदंगवाल्याला हुरूप आला. घड्याळात पाहतो तो पावणेदहा! दृष्टान्तासाठी श्रीगोरोबाकाकांचे चरित्र योजले होते. आता काय करावे? मी म्हटले, थोडक्यात सांगू. गोरोबाकाका नामात रंगून चिखल तुडवीत होते, लेकरू पायाखाली आले, काकांना भान नव्हते. आणि पुढे पंढरीत नामदेवरायांच्या कीर्तनात तेच लेकरू रांगत रांगत परत आले. बोला, विठ्ठल विठ्ठल! टाळ्या झाल्या, जयघोष झाला, दहाच्या ठोक्याला कीर्तन संपले. लोक पाया पडून गेले.

शेवटी एक बाई मागे राहिली. तिशीच्या आतबाहेरची असेल. पाया पडली आणि तशीच बसून राहिली. मी म्हटले, ''काय माउली?'' ती म्हणाली, ''महाराज, गोरोबाकाकांचं लेकरू देवानं परत दिलं. माझं का नाही दिलं? मी काय नाम घेत नाही का?''

शेजारच्या म्हाताऱ्या आजींनी मग सांगितले. मागच्या उन्हाळ्यात हिचे चार वर्षांचे लेकरू शेततळ्यात पडून गेले.

श्रोतेहो, पाठशाळेत न्याय शिकलो, वेदान्त शिकलो, चाळीस वर्षे कीर्तन केले. पण त्या वेळी तोंडातून शब्द निघाला नाही. कर्म सांगावे? प्रारब्ध सांगावे? ती सिद्धान्ताची भाषा खरी असली तरी त्या घटकेला ती दगडासारखी लागली असती. मी एवढेच म्हणालो, ''बाई, आज मी तुला कथा नीट सांगितली नाही. सकाळी येतो.'' आणि रात्रभर कूस बदलीत पडलो. माझी चूक काय झाली, हे शोधत होतो.

आता शास्त्राकडे वळू. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात कथावस्तूचे पाच संधी सांगितले आहेत. मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. नावे अवघड, अर्थ सोपा आहे. मुख म्हणजे जेथे बी पडते. कोण माणूस, कुठला, त्याला काय हवे आहे, हे तेथे कळते. प्रतिमुख म्हणजे अंकुर, जो कधी दिसतो, कधी दिसेनासा होतो. गर्भ म्हणजे हाती आले आले म्हणावे तो निसटते, पुन्हा शोध सुरू होतो, अशी स्थिती. विमर्श म्हणजे क्रोधाने, संकटाने किंवा मोहाने मोठा अडथळा उभा राहतो आणि माणूस विचारात पडतो. आणि निर्वहण म्हणजे पांगलेले सगळे धागे एकत्र येऊन शेवटास जाणे. शेतकऱ्याला हे सांगायलाच नको. पेरणी, उगवण, पोटऱ्यात येणारे पीक, त्यावर येणारी कीड किंवा गारपीट, आणि शेवटी खळे. पेरणीनंतर एकदम खळे कोणाच्या शेतात येते का हो?

आता गंमत पहा. त्याच शास्त्रात असेही सांगितले आहे की, काही रूपकांना पाचही संधी लागत नाहीत. प्रहसन, म्हणजे लोकांना हसविण्याचा खेळ, त्याला मुख आणि निर्वहण हे दोनच संधी पुरतात. आरंभ आणि शेवट, मधले काही नको. रात्री पडल्या पडल्या हे आठवले आणि अंगावर काटा आला. गोरोबाकाकांच्या चरित्राचा मी आरंभ सांगितला आणि शेवट सांगितला. मधले तीन संधी घड्याळाच्या भीतीने गाळले. म्हणजे संतचरित्राचे मी काय केले? प्रहसन केले. जादूगार टोपलीखाली कबूतर झाकतो आणि टोपली उचलतो, तसे मी लेकरू झाकले आणि लेकरू काढून दाखविले. जिचे लेकरू टोपलीखालून परत आलेच नाही, ती विचारणारच, ''माझं का नाही?'' प्रश्न तिचा चुकला नव्हता. कथा माझी चुकली होती.

मधले काय गाळले, ते आता नीट ऐका. ताहराबादच्या महीपतीबुवांनी शके १६८४ म्हणजे इ. स. १७६२ मध्ये भक्तविजय ग्रंथ पूर्ण केला. त्यात हे चरित्र आहे, आणि परंपरेने आपण ते ऐकत आलो आहोत. गोरोबाकाका तेरचे. धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी आजही त्यांचे समाधिमंदिर आहे. धंदा कुंभाराचा. घरात संती आणि एक रांगते मूल. संती लेकराला काकांजवळ ठेवून पाण्याला गेली. काका चिखल तुडवीत होते, मुखात नाम होते, डोळे मिटलेले. लेकरू रांगत चिखलात आले. संती पाणी घेऊन परतली आणि पाहते तो काय! तिने आकांत केला, नवऱ्याला बोल लावला, देवालाही बोल लावला. काकांची समाधी मोडली, राग आला, ते तिच्यावर धावले. तिने विठ्ठलाची आण घातली, मला हात लावाल तर विठोबाची शपथ आहे. काका जागच्या जागी थांबले. शपथ विठ्ठलाची, ती मोडायची कशी?

त्या दिवसापासून त्या घरात अबोला आला. एक चूल, एक छप्पर, आणि मध्ये शपथेची भिंत. वंश बुडेल म्हणून संतीने आपली धाकटी बहीण रामी हिचे काकांशी लग्न लावून दिले. सासऱ्याने निरोप देताना सांगितले, दोघींना सारखे वागवा, तुम्हाला विठ्ठलाची आण आहे. सरळ अर्थ कोणालाही कळेल. पण काका म्हणाले, एकीला स्पर्श नाही, तर दुसरीलाही नाही. पुढे दोघींनी झोपेत त्यांचे हात आपल्या अंगावर घेतले. जागे झाल्यावर शपथ मोडली या दुःखाने काकांनी आपले हातच तोडून टाकले. कुंभाराचे हात गेले! चाक थांबले, आवा विझला, घरात दाणा नाही. तेव्हा पंढरीचा राणा कुंभार होऊन तेरला आला, त्या घरी राबला, चिखल तुडविला, मडकी घडविली. आणि मग आषाढीचा सोहळा, पंढरपुरातील नामदेवरायांचे कीर्तन, 'हात वर करा' ही हाक, थोटे हात वर गेले तोच त्यांना फुटलेले पंजे, आणि सभेतून रांगत आलेले लेकरू. रखुमाईने मध्यस्थी केली, शपथ सुटली, घर पुन्हा घर झाले.

हे सगळे मधले दिवस मी गाळले होते. आणि ती माउली त्याच दिवसांत राहत होती.

सकाळी काकडा झाल्यावर, दिंडी निघण्याआधी, मी आणि आमचे विणेकरी तिच्या घरी गेलो. ओट्यावर बसलो. टाळ नाही, मृदंग नाही. जे आता लिहिले तेच तिला सांगितले. संती पाण्याला गेली, येथपर्यंत आलो आणि तिने मला थांबविले. म्हणाली, ''ती पाण्याला गेली होती? हे काल तुम्ही सांगितलं नाही.'' मी म्हटले, ''नाही सांगितलं, बाई. चुकलो.'' मग ती बोलू लागली. टँकर आला होता, म्हणून ती हंडा घेऊन गेली. लेकराला अंगणात ठेवले होते. नवरा गोठ्यात होता. त्या दिवसापासून ती म्हणते, तुम्ही पाहिलं नाही. आणि तो म्हणतो, तू गेलीसच का? एका घरात राहून वर्षभर दोघांचे नीट बोलणे नाही. बोलता बोलता रडली. नवरा आत दाराशी उभा राहून ऐकत होता. मी पुढची कथा सांगत राहिलो. शपथेची भिंत सांगितली, विझलेला आवा सांगितला, आणि त्या विझलेल्या घरात देव येऊन चिखल तुडवू लागला, ते सांगितले. शेवटाला आलो तेव्हा तिने कालचा प्रश्न पुन्हा विचारला नाही. विचारले ते एवढेच, ''मग संती त्यांच्याशी बोलली का हो शेवटी?'' मी म्हटले, ''बोलली, माउली. देवानेच ती शपथ सोडविली.''

शिंग वाजले, दिंडी निघाली. ती वेशीपर्यंत हंडा घेऊन आली आणि टाळकऱ्यांना पाणी वाढले. तिचे दुःख माझ्या कथेने गेले असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे खोटे होईल.

आता काही विद्वान वाचक विचारतील, बुवा, मधले संधी सांगितले हे ठीक. पण शेवटी लेकरू परत आलेच ना? मूळ शंका तशीच राहिली. तिचेही उत्तर शास्त्रात आहे. एखाद्या ग्रंथाचे किंवा प्रकरणाचे तात्पर्य काय हे ठरविण्यासाठी पूर्वाचार्यांनी सहा खुणा सांगितल्या आहेत. उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. सदानंदांच्या वेदान्तसारात छांदोग्याच्या सहाव्या अध्यायाला या खुणा लावून दाखविल्या आहेत. तेथे उद्दालक श्वेतकेतूला एकच महावाक्य नऊ वेळा सांगतात, तो अभ्यास. आमचे गुरुजी म्हणत, ही कसोटी उपनिषदापुरती ठेवू नका, कोणत्याही कथेला लावा. तर लावून पाहू.

उपक्रम काय? पाय चिखलात आणि मुखात नाम. उपसंहार काय? नामदेवरायांचे कीर्तन, पुन्हा नामच. आरंभ आणि शेवट एका सुरात आहेत.

अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा काय येते? विठ्ठलाची आण दोनदा येते आणि दोनदा पाळली जाते. हात पुन्हा पुन्हा येतात. घडविणारे, उगारलेले, आवरलेले, तोडलेले, आणि शेवटी कीर्तनात वर गेलेले.

अपूर्वता म्हणजे दुसऱ्या कोणत्या मार्गाने जे आपल्याला कळले नसते ते. मेलेले परत यावे, हे आपल्या मनाला आधीच ठाऊक आहे. तशी इच्छा प्रत्येक आईच्या पोटात असते, त्यासाठी कथा लागत नाही. पण ज्या घरात भांडण आहे, अबोला आहे, देवालाच बोल लावलेला आहे, त्या घरी देव न रागावता येतो आणि चिखल तुडवितो, हे आपल्याला आपण होऊन कधी सुचले नसते. अपूर्व आहे ते हे.

फल म्हणजे शपथ सुटली, घर जोडले गेले.

अर्थवाद म्हणजे स्तुती. येथे जपून बोलले पाहिजे. नाममहिम्याला नुसता अर्थवाद समजणे हा दहा नामापराधांत गणलेला अपराध आहे, तो माझ्याकडून न घडो. नामाचे सामर्थ्य खरेच आहे. हात फुटले, लेकरू आले, यावरही माझा विश्वास आहे. पण तो गोरोबाकाकांना मिळालेला प्रसाद आहे. 'इतके नाम घ्या आणि अमुक वस्तू परत न्या' असा बाजारभाव त्या कथेने कोठेच सांगितलेला नाही. तो भाव सांगितला आम्ही कीर्तनकारांनी, टाळीसाठी.

शेवटची खूण उपपत्ती, म्हणजे युक्तीने पटणे. पंढरीत महाद्वारी जाऊन पहा. नामदेवरायांची पायरी आहे आणि समोर चोखोबांची समाधी आहे. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामावर होते. कूस कोसळली आणि इतर मजुरांबरोबर चोखोबा त्याखाली गेले. शके १२६०, इ. स. १३३८. देवाने ती भिंत हाताने सावरली नाही. चोखोबांचे नाम कमी पडले असे म्हणायची कोणाची छाती आहे? नामदेवराय तेथे गेले, ढिगाऱ्यातल्या ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या म्हणून ओळखल्या, आणि पंढरीला आणून महाद्वारी समाधी दिली, अशी परंपरा आहे. म्हणजे एका भक्ताचे गेलेले परत आले, दुसऱ्याचे नाही आले. दोन्ही कथा एकाच संप्रदायाच्या, दोन्हींत नामदेवराय आहेत. भक्ताचे कधीच काही जात नाही, असे तात्पर्य धरले तर दुसरी कथा खोटी पडते. देव भक्ताला त्याच्या चिखलात आणि ढिगाऱ्यात सोडून जात नाही, असे धरले तर दोन्ही जुळतात. म्हणून मी हल्ली एक नियम केला आहे. गोरोबाकाकांचे चरित्र घेतले की चोखोबांचे नाव घेतल्यावाचून वीणा खाली ठेवीत नाही.

तरुण कीर्तनकारांना हात जोडून सांगणे आहे. नारदीय पद्धतीत पूर्वरंग आणि उत्तररंग वेगळे, तेथे आख्यानाला राखून ठेवलेला वेळ असतो. आपल्या वारकरी कीर्तनात अभंग हाच मुख्य. चरित्र दृष्टान्त म्हणून मध्ये येते. म्हणून ते कापण्याचा मोह होतो. वेळ थोडा असेल तर लहान कथा घ्या, पण मोठ्या कथेचे पोट कापू नका. माणूस कोण, गाव कोणते, बी कसे पडले, हे सांगा. काय गेले, ते सांगा. ते गेल्यावर घरात दिवस कसे गेले, कोण कोणाशी बोलेनासे झाले, चूल पेटली की नाही, हे तर सांगाच. देव केव्हा आणि कोणत्या रूपाने आला, ते सांगा. मग शेवट. मंडपात बसलेल्या शंभर माणसांपैकी शेवटापर्यंत पोचलेले किती असतील? आरंभाला उभे असलेले किती? बहुतेक जण मधेच असतात हो! कोणाचे पीक गेलेले, कोणाचा मुलगा घर सोडून गेलेला, कोणाची शपथ सुटायची राहिलेली. मधला भाग गाळला तर त्या माणसांना कथेत बसायला जागाच उरत नाही.

आणि ऐकणाऱ्या माउलींनाही विनंती. कथा ऐकून मनात प्रश्न उरला तर तो घरी नेऊ नका. परीक्षितीने विचारले म्हणून शुकमुनींनी सांगितले. भागवताची कथा पुढे सरकते ती श्रोत्याच्या प्रश्नाने. कीर्तन संपल्यावर पाया पडता तेव्हा बुवाला विचारा. त्याला उत्तर आले नाही तरी विचारा. कदाचित त्यालाही रात्रभर कूस बदलावी लागेल. त्यात त्याचे कल्याणच आहे. माझे झाले.

गोरोबाकाका, संती आणि चोखोबा यांच्या चरणी ही सेवा अर्पण करून येथेच थांबतो.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! रामकृष्णहरी.